घोरणं थांबतं, पण दात सरकतात: स्लीप अ‍ॅप्नियाच्या माउथपीसचे दुष्परिणाम

स्लीप अ‍ॅप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याच्या आजाराचं, निदान झालं की डॉक्टर बहुधा आधी सीपॅप मशीन सुचवतात. नाकावर मास्क, मास्कला नळी आणि नळीच्या टोकाला दाबाने हवा सोडणारी पेटी. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली या उपायाबद्दल पहिल्यांदा लिहिलं. श्वास मोकळा ठेवण्यात आजही त्याची बरोबरी दुसरं काही करत नाही. अडचण वेगळीच आहे. रोज रात्री मास्क चढवून झोपणं पुष्कळांना जमत नाही. कुणाला गुदमरल्यासारखं होतं, कुणाचं नाक चोंदतं, कुणाला लग्नाकार्याला चार लोकांत झोपायचं असलं की लाज वाटते. काही दिवसांनी पेटी कपाटावर जाते आणि घोरणं पुन्हा सुरू होतं.

मग दुसरा पर्याय पुढे येतो, तो माउथपीसचा. दंतवैद्य त्याला ओरल अप्लायन्स म्हणतात. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन साचे, एकमेकांना अशा रीतीने जोडलेले की खालचा जबडा थोडा पुढे येऊन तिथेच राहावा. वीज नको, आवाज नाही, डबी खिशात मावते. जाहिरातीत एवढंच सांगतात आणि ते खरंही आहे. पण हे उपकरण दातांना धरून काम करतं आणि दात काही भिंतीत ठोकलेले खिळे नाहीत. याचे परिणाम काय होतात, त्यातले कोणते सोसण्यासारखे आणि कोणते डोळ्यांत तेल घालून बघण्यासारखे, हे ते बनवून घेण्याआधी कळलेलं बरं.

आजाराबद्दल थोडक्यात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, श्वासाची वाट अरुंद होते किंवा बंदच होते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला, किंवा रक्तातला ऑक्सिजन घसरण्याइतका मंदावला, की ती एक घटना मोजतात. तासाला ५ ते १५ घटना असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यमवयीन शहरी पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना लक्षणांसकट हा आजार असल्याचं दिसलं होतं. २०२२ साली संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा मृत्यूच्या कारणांत या आजाराचं नाव आलं आणि बऱ्याच घरांत हा शब्द पहिल्यांदाच ऐकू आला. उपचार न केलेला स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे वाढलेला रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची गडबड, पक्षाघाताचा वाढलेला धोका आणि गाडी चालवताना लागणारी डुलकी. पुढे दुष्परिणामांबद्दल जे काही वाचाल ते याच्याशी ताडून बघा.

जबडा पुढे ओढला की काय होतं

बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वास अडला, तर भूलतज्ज्ञ जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांना बोटं लावून तो पुढे उचलतात. जीभ खालच्या जबड्याला आतून जोडलेली आहे, त्यामुळे जबड्याबरोबर तीही पुढे येते आणि घसा मोकळा होतो. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातले जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश फॉन एस्मार्ख यांच्या नावाने ओळखली जाते. माउथपीस हेच काम रात्रभर करतं. बहुतेक माणसं खालचा जबडा आठ ते बारा मिलिमीटर पुढे काढू शकतात. दंतवैद्य साधारण त्याच्या निम्म्यापासून किंवा थोडं पुढून सुरुवात करतात आणि मग काही आठवडे थोडंथोडं पुढे सरकवत जातात.

आता मुद्द्याची गोष्ट. जबड्याला पुढे राहायचं नसतं. त्याचे स्नायू आणि सांध्याभोवतीचे पडदे त्याला सतत मूळ जागी ओढत असतात. हा ओढा जातो कुठे? साच्यातून थेट दातांवर. खुंट्याला बांधलेली गाय रोज रात्री दाव्याला ताण देत राहिली की खुंटा एका रात्रीत उपटत नाही, पण वर्षभरात कलतो. इथे दात म्हणजे खुंटे. जबडा मागे जायला बघतो, म्हणून वरच्या दातांवर मागे ढकलणारा जोर येतो आणि खालच्या दातांवर पुढे ढकलणारा.

दात हाडात घट्ट रुतलेला वाटतो, पण मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक बारीक पडदा असतो. त्यावर हलका जोर बराच वेळ राहिला की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात सरकतो. वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तारा याच नियमावर चालतात. वाढत्या वयातल्या मुलांचा मागे राहिलेला जबडा पुढे आणण्यासाठी वापरतात ती उपकरणं तर या माउथपीसची सख्खी भावंडंच. तिथे दात आणि जबडा हलावेत म्हणूनच सगळा खटाटोप असतो. इथे ते हलणं आपल्याला नको असतं, पण जोर तोच आणि शरीराचं उत्तरही तेच.

पहिले काही आठवडे

सुरुवातीला जे त्रास होतात ते जाणवणारे, वैतागवाणे आणि बहुतेक वेळा आपोआप जाणारे असतात. तोंडात परकी वस्तू आल्यावर शरीर तिला घास समजतं आणि लाळ सोडतं, त्यामुळे सकाळी उशी ओली. काहींचं उलट होतं. ओठ पूर्ण मिटत नाहीत, रात्रभर तोंडाने श्वास चालतो आणि उठल्यावर घशाला कोरड पडलेली असते. दात हुळहुळतात, विशेषतः पटाशीचे. हिरडीला किंवा गालाला साच्याची कड टोचते. हे मुकाट सोसायचं कारण नाही, दंतवैद्य ती कड दोन मिनिटांत घासून देतात. उलटीची उमळ लवकर येणाऱ्यांना पहिले काही दिवस जड जातात.

सकाळी जबडा आखडणं आणि कानापुढच्या सांध्यात दुखणं, याची लोकांना सगळ्यात जास्त भीती वाटते. रात्रभर पुढे ताणलेले स्नायू सकाळी कुरकुर करणारच. पण दीर्घकाळ पाहणी केलेल्या अभ्यासांतून चित्र बरंच दिलासा देणारं आहे. सांध्याचं दुखणं बहुतांश रुग्णांत सुरुवातीच्या काळातलं असतं, पुढे कमी होत जातं, आणि सांध्याला कायमची इजा झाल्याचे पुरावे फारसे नाहीत. दुखणं वाढतच चाललं, तोंड उघडताना जबडा अडकायला लागला, तर उपकरण काही रात्री बाजूला ठेवून दंतवैद्याला गाठायचं. बऱ्याचदा जबडा थोडा मागे घेतला की भागतं. ज्यांना आधीपासूनच सांध्याचा चालू आजार आहे, त्यांच्या बाबतीत मात्र सुरुवातच जपून करावी लागते.

आणखी एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांना दिसते. सकाळी साचा काढल्यावर वरखालचे दात नेहमीच्या जागी मिटत नाहीत. दाढा टेकत नाहीत, पुढचे दात एकमेकांवर आदळतात. बरेच जण पहिल्याच सकाळी घाबरतात. जबडा रात्रभर पुढे होता, स्नायूंना परत यायला थोडा वेळ लागतो, इतकंच. साधारण अर्ध्या ते एक तासात दात पुन्हा जुळायला हवेत. त्यासाठी काही दंतवैद्य एक छोटा वेगळा साचा देतात. तुमच्या मूळ दातजुळणीवर तयार केलेला हा साचा सकाळी काही मिनिटं चावून धरला की जबडा मागे येतो. काही जण साखर नसलेलं च्युइंगगम चघळायला सांगतात. हा सकाळचा व्यायाम कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात आधी सोडला जातो तोही हाच. माझ्या मते मात्र उपकरणाइतकंच महत्त्व त्याला द्यायला हवं. दात रोज जुळतात की नाही, हे स्वतःला कळण्याची दुसरी सोपी सोय नाही.

न दुखणारा दुष्परिणाम

वर सांगितलेले त्रास जाणवतात, म्हणून माणूस तक्रार करतो आणि इलाज होतो. दात सरकण्याचं तसं नाही. ते दुखत नाही, आरशात पटकन दिसत नाही आणि इतकं सावकाश होतं की माणसाला सवय होऊन जाते. दातजुळणी बरीच बदललेल्या कित्येक रुग्णांना त्याची गंधवार्ताही नसते, असं अभ्यासांत वारंवार आढळलं आहे.

नेमकं काय बदलतं? वरचे पटाशीचे दात किंचित आत कलतात, खालचे बाहेर कलतात, खालच्या दाढा हळूहळू पुढे येतात. साधारणपणे आपले वरचे पुढचे दात खालच्यांना दोन-तीन मिलिमीटर झाकतात आणि तितकेच त्यांच्या पुढेही असतात. ही दोन्ही अंतरं घटत जातात. शेवटी वरखालच्या दातांच्या कडा एकमेकींवर येतात, क्वचित खालचे दात वरच्यांच्याही पुढे जातात. मागे वरच्या आणि खालच्या दाढांमध्ये फट पडते.

कॅनडातल्या व्हँकूवर इथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून याबद्दल बरंच काम झालं आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७७ रुग्णांच्या दातांचे साचे तपासले होते. या रुग्णांनी उपकरण सरासरी ११ वर्षं वापरलं होतं. वरच्या दातांनी खालच्यांना झाकण्याचं प्रमाण सरासरी २.३ मिलिमीटरने कमी झालं, पुढचं अंतर १.९ मिलिमीटरने. मूळ अंतरच दोन-तीन मिलिमीटर असतं हे लक्षात घेतलं, तर यात किती बदल सामावलाय ते कळेल. अमुक वर्षांनंतर दात स्थिरावले आणि मग हलले नाहीत, असंही दिसलं नाही. वापर चालू तोवर बदल चालू.

त्याच विद्यापीठाचा २००६ चा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. त्यात ७० रुग्ण होते आणि सरासरी वापर सात वर्षांहून जास्त. सुमारे १४ टक्के लोकांत दातजुळणी बदललीच नाही. सुमारे ४४ टक्क्यांत ती बिघडली. आणि सुमारे ४१ टक्क्यांत ती आधीपेक्षा सुधारली! ज्यांचे वरचे दात मुळातच फार पुढे होते किंवा खालच्यांना पार झाकून टाकत होते, त्यांचे दात योग्य जागेकडे सरकले. म्हणजे परिणाम एकच, पण तो तुम्हाला तारक की मारक हे तुमच्या आजच्या दातांवर ठरतं. ज्यांच्या वरखालच्या पुढच्या दातांत आत्ताच जेमतेम अंतर आहे, त्यांना गमवायला काहीच शिल्लक नसतं. उपकरणाचं माप द्यायला जाल तेव्हा दंतवैद्याला हा एक प्रश्न जरूर विचारा: माझे दात सरकले तर ते चांगल्याकडे सरकतील की वाईटाकडे?

घरच्या घरी लक्ष ठेवायचं तर रोजच्या खाण्यातून काही खुणा मिळतात. शिवताना दोरा दाताने पूर्वीसारखा तुटत नाही. चपातीचा किंवा टोमॅटोच्या सालीचा तुकडा पुढच्या दातांनी कापला जात नाही, ओढून काढावा लागतो. भाजलेले फुटाणे, शेंगदाणे दाढेखाली पूर्वीसारखे बारीक होत नाहीत, किंवा एकाच बाजूने चावलं जातं. खालच्या दातांत नवी फट पडून तिथे अन्न अडकतं. यातलं काही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट पाहत बसू नका.

जुन्या कॅप, ब्रिज आणि मोठी सिमेंटं यांच्यावरही ताण येतो. रोज रात्री साचा बसवताना आणि सकाळी ओढून काढताना सैल झालेली कॅप निघून हातात येऊ शकते. म्हणून दातांची राहिलेली कामं आधी उरकायची, मग माप द्यायचं. उलट क्रमाने केलं तर नव्या कॅपमुळे साचा बसत नाही आणि खर्च दोनदा होतो.

कुणी थांबावं

साच्याला धरायला दात हवेत, तेही पक्के. प्रत्येक जबड्यात साधारण आठ-दहा चांगले दात असावेत असा अंदाज धरतात. पायरिया झालेल्या, हलणाऱ्या दातांवर हा जोर टाकणं म्हणजे त्यांना निरोप देणं. पूर्ण कवळी असलेल्यांना बहुधा हे उपकरण चालत नाही. त्यांच्यासाठी जीभ चोखून पुढे धरून ठेवणारा एक मऊ फुगा मिळतो. दातांवर त्याचा जोर येत नाही, पण जिभेचं टोक सोलवटतं, लाळ गळते आणि अनेक जण तो नाद सोडून देतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती परदेशी माहितीपत्रकांत सापडणार नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्याने गाल आतून कडक झालेले लोक थोडेथोडके नाहीत. तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर माप घेणंच अवघड. घेतलं तरी साचा रोज घालणं-काढणं हाल करणारं असतं. अशा माणसाने आधी त्या आजाराची तपासणी करून घ्यावी, कारण त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. घोरण्याचं नंतर बघता येईल. मिश्री आणि तंबाखूने हिरड्या खाली गेलेल्यांनाही तोच सल्ला.

ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात मऊ करून स्वतःच चावून बसवायचे साचे स्वस्त असतात. पण ते सैल बसतात, सगळ्या दातांवर जोर सारखा पडत नाही, जबडा किती पुढे न्यायचा यावर ताबा राहत नाही. आणि तुमचे दात आधी कसे होते याची नोंद कुणाकडेच नसते. अमेरिकेतल्या निद्राविकार आणि दंतवैद्यक तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१५ मध्ये मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत मापाने बनवलेलं आणि पुढेमागे करता येणारं उपकरणच सुचवलं आहे. हे मला पटतं. वर्षानुवर्षं दातांवर जोर टाकणारी वस्तू पार्सलने मागवून स्वतः बसवू नये.

घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला का?

याला दुष्परिणाम म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल, पण मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. माउथपीस घातल्यावर घोरणं पुष्कळदा लगेच कमी होतं. शेजारी झोपणारं माणूस सुखावतं आणि घरात विषय संपतो. पण आवाज थांबला तरी श्वास अडणं चालू राहू शकतं. ढोबळ हिशोब असा की एक तृतीयांश रुग्णांत आजार जवळजवळ पूर्ण आटोक्यात येतो, एक तृतीयांशांत बराच कमी होतो आणि उरलेल्यांत विशेष फरक पडत नाही. तुम्ही यातल्या कुठल्या गटात आहात ते बायकोला किंवा नवऱ्याला विचारून कळत नाही. उपकरण तोंडात असताना पुन्हा स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास किती वेळा अडतो ते मोजणारी तपासणी, करूनच कळतं. ही दुसरी तपासणी खर्च वाचवायला टाळली जाते. मग दात सरकण्याची किंमत मोजायची आणि मोबदला मिळतोय की नाही हे बघायचंच नाही, असा सौदा होऊन बसतो.

मोबदला मात्र खरा असू शकतो. २०१३ मध्ये सिडनीत झालेल्या एका चाचणीत त्याच रुग्णांना एक महिना सीपॅप आणि एक महिना माउथपीस वापरायला दिलं होतं. श्वास थांबण्याच्या घटना सीपॅपने अधिक कमी झाल्या. पण रक्तदाब, दिवसाची झोप, जगण्याचा दर्जा यांत दोन्हींचा निकाल जवळपास सारखाच लागला, कारण लोक माउथपीस रात्री जास्त तास वापरत होते. कपाटावरच्या सीपॅपपेक्षा तोंडातला माउथपीस बरा, हे त्यातून स्पष्ट होतं. मध्यम आजार असलेल्या, मास्क प्रामाणिकपणे वापरून पाहिलेल्या आणि तरीही न जमलेल्या माणसाने दातांच्या भीतीने श्वास अडत ठेवणं मला शहाणपणाचं वाटत नाही. फक्त घोरण्याचा आवाज नको, आजार नाही, अशा माणसाने मात्र दहादा विचार करावा. त्याच्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात फारसं काही नाही.

तपासण्या आणि पुढचं

सुरुवातीला दातांचे साचे किंवा स्कॅन, फोटो आणि एक्स-रे काढून त्यांची प्रत स्वतःकडेही ठेवा. गाव बदललं, दंतवैद्य बदलले तरी तुलना करायला ते लागतात. पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी करायची असते. तपासणी म्हणजे साचा बघून ‘ठीक आहे’ म्हणणं नव्हे, आधीच्या नोंदीशी मोजमाप ताडणं. साचा कढत पाण्याने धुवू नका, वेडावाकडा झाला तर दातांवर चुकीचा जोर येतो. घरात कुत्रा असेल तर डबीचं झाकण लावायला विसरू नका. लाळेचा वास लागलेला साचा कुत्र्यांना फार आवडतो.

दातजुळणी बदलल्याचं तपासणीत दिसलं तर काय? पहिला प्रश्न असा की त्याने चावायला, बोलायला, दिसायला अडचण होते का. होत नसेल, तर अनेक रुग्ण सगळं समजून-उमजून उपकरण चालू ठेवतात. होत असेल, तर जबडा थोडा मागे घेऊन आजार तरीही आटोक्यात राहतो का ते स्लीप स्टडीने बघता येतं. आठवड्यातल्या काही रात्री सीपॅप आणि प्रवासात माउथपीस अशी वाटणीही काही जण करतात. उपकरण सोडलं की दात आपोआप मूळ जागी येतील या भरवशावर राहू नका. थोडेफार येतात, पूर्ण बहुधा येत नाहीत. मग तारा लावून ते जुळवावे लागतात. पण रात्री माउथपीस आणि दिवसा तारा असं एकदम चालत नाही, कारण दोन्ही दातांना उलट दिशांना ओढतात. तारा लावायच्या तर माउथपीस थांबवावं लागतं, आणि त्या सगळ्या काळात श्वासासाठी सीपॅपचा मास्क पुन्हा जवळ करावा लागतो.